समुद्रसपाटीपासून

लिफ्टपाशी ताटकळलेल्या बायांना हात करून
मी जिन्याचं दार ढकलते.
बावीस मजले, सकाळी एकदा, दिवे लागल्यावर एकदा.
कन्नमवार नगरातली आमची जुनी वसाहत पाडून
बिल्डरने उभा केलेला हा टॉवर,
एवढाच डोंगर आला माझ्या वाट्याला.

फॉर्मवर एक रकाना होता: राहत्या ठिकाणाची उंची.
मी शून्य लिहिलं. मग खोडलं.
आपला नववा मजला धरायचा की नाही,
कोणाला विचारणार?
डॉक्टर शिरगोपीकर म्हणाले, गुडघे तुमचे,
मी फक्त सही करतो.
केदार अकरा हजार सातशे फुटांवर.
हा जिना दिवसातून दोनदा, दोन महिने चढला
तर हिशेबाने मी
ढगांच्याही पलीकडे गेले असते.
पण प्रत्येक वेळी खाली यावं लागतं,
दूध घ्यायला.

बूट घरात घालून फिरते. देवघरापाशी काढते,
पुन्हा घालते, नाड्या बांधताना कंबर कुरकुरते.
चौथ्या मजल्यावर कोणाची तरी मेथी करपते,
बाराव्यावर कपोते मास्तरांचा आंधळा कुत्रा
माझे बूट हुंगतो, ओळखत नाही,
भुंकायचाही कंटाळा करतो.

कपाटातून ऑक्सिमीटर काढला.
त्या वर्षी दुप्पट पैसे मोजून घेतलेला.
शेवटचं बोट श्रीधरचं होतं, आकडा त्र्याहत्तर.
नवे सेल घातले.
यंत्राचं बरं असतं, त्याला काही आठवत नाही.
माझ्या बोटाला म्हणालं, सत्त्याण्णव.
तिथे वर म्हणे सगळ्यांचाच आकडा उतरतो,
धडधाकटांचाही, पंच्याऐंशी, ऐंशी.
मी हे कोणाला बोलले नाही,
पण रात्री बोटांवर मोजून पाहिलं
ऐंशीपासून त्र्याहत्तर
किती पायऱ्या.

गंगाजल आण, जाऊबाई म्हणाल्या, बाटली आपलीच ने.
भाचीला रुद्राक्ष हवा. तळमजल्यावरच्या गावकरबाईंना
नुसता तिथला दगड चालेल, लहानसा, पण तिथलाच.
सगळे काहीतरी खाली मागवणारे.

रात्रपाळीचा नेगी एकटाच वेगळा.
सोळाव्या मजल्यावर मी भिंतीला टेकले होते,
तो पंपाचा वॉल्व बघायला चाललेला, दम न लागता.
म्हणाला, ताई, तुम्ही भांडायला निघाल्यासारख्या चढता.
काठोकाठ दुधाचं भांडं हातात आहे समजा.
असं माझी आई चालते.
गुप्तकाशीच्या खाली आमचं गाव, तुमच्या वाटेवरच.

मग चार दिवसांनी
खोकल्याच्या औषधाची बाटली आणून दिली,
झाकणाला चिकटपट्टीचे सात वेढे.
रविवारी दादरला जाऊन भरली, म्हणाला,
आईला खरं वाटत नाही
एवढं पाणी आणि सगळं खारट.
चाखायला द्या तिला. थोडंसंच.
आमचंच पाणी आहे ते, तिच्या दारावरून गेलेलं,
कुठून कुठून फिरून आलेलं.

मी म्हणणार होते, गंगा तिकडे, बंगालच्या बाजूला
मिळते समुद्राला.
नाही म्हटलं.

बॅग सात किलोच्या वर नको, एजन्सीने सांगितलंय.
दुसरी विजेरी काढून ठेवली, फराळाचा एक डबा काढला.
बाटली श्रीधरच्या लोकरी मोज्यात घातली.
झाकण गळत नाही ना म्हणून पुन्हा काढून पाहिलं,
तर पट्टीच्या कडेने एक थेंब बोटावर आला.
जिभेला लावला.
लहानपणापासून माहीत असलेली चव,
तरी नेगीच्या आईसारखं थोडं दचकायला झालं.

त्याच बोटाला मग सवयीने यंत्र लावलं.
ओल्या बोटावर ते लुकलुकत राहिलं,
दोन आडव्या रेघा,
पुन्हा दोन आडव्या रेघा,
आकडाच दाखवेना.
तसंच पलंगावर टाकून
मी बूट चढवले.